महामार्गाच्या निविदेत कंत्राटदाराची पूर्वकामगिरी कशी तपासावी: निविदा समितीसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

रस्त्याच्या मोठ्या कामाचा तांत्रिक लिफाफा (यात पात्रतेची कागदपत्रे असतात; दर वेगळ्या आर्थिक लिफाफ्यात असतात) उघडतो आणि मग समितीतले कुणीतरी म्हणते, "या माणसाचे मागचे काम काही धड नव्हते." बोलणे खरे असले तरी त्या क्षणी त्याचा उपयोग होत नाही, कारण मागच्या कामाविषयी आपण निविदेत नेमके काही विचारलेलेच नसते. त्याच बैठकीत तीनशे पानांची, रंगीत दुभाजक घातलेली फाइल देणारा दुसरा कंत्राटदार पात्र ठरतो आणि त्या पानांपैकी किती पाने खरी आहेत हे कुणी पाहत नाही. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. पूर्वकामगिरीचा विचार लिफाफा उघडल्यावर सुरू होतो, तो निविदा सूचना निघण्यापूर्वीच संपायला हवा.

पुढील टप्पे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विभागीय कार्यालयात निविदा तपासणाऱ्या कार्यकारी अभियंता, विभागीय लेखाधिकारी आणि निविदा शाखेतील कर्मचाऱ्यांसाठी आहेत. राज्य निधी, केंद्रीय निधी आणि बाह्य कर्जातून होणारी कामे यांच्या निविदा प्रपत्रांत फरक असतो. त्यामुळे खाली दिलेले आकडे समजून घ्यावेत, पण लागू करायचा तो आपल्या मंजूर प्रपत्रातील आकडाच.

## टप्पा १: काय विचारायचे ते आधी ठरवा

कोऱ्या कागदावर दोन रकाने आखा. डाव्या रकान्यात कंत्राटदाराविषयी तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे ते लिहा आणि उजव्या रकान्यात ते कोणत्या अभिलेखावरून सिद्ध होईल ते लिहा. उजवा रकाना रिकामा राहणारी प्रत्येक अट खोडून टाका. "समाधानकारक कामगिरी" ही अट अशीच खोडण्याजोगी आहे, कारण समाधान कुणाचे आणि कशावरून, हे कोणताच कागद सांगत नाही. त्याऐवजी "कंत्राटदाराच्या कसुरीमुळे करार संपुष्टात आणलेला नसावा" किंवा "दोषदायित्व कालावधीतील दुरुस्तीच्या नोटिशीनंतर खात्याला स्वतः दुरुस्ती करून खर्च वसूल करावा लागलेला नसावा" अशी अट घाला. (दोषदायित्व कालावधी म्हणजे काम पूर्ण झाल्यावर दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ.) अशा अटींना होय किंवा नाही असे उत्तर मिळते आणि त्या उत्तरामागे पत्रव्यवहार असतो.

अटी मोजक्याच ठेवा. केंद्रीय दक्षता आयोगाने १७ डिसेंबर २००२ च्या परिपत्रकात पूर्वअर्हतेचे निकष फार कडकही नसावेत आणि फार सैलही नसावेत असे बजावले आहे. कडक अटींमुळे दोनच निविदाकार उरतात आणि मग दराची स्पर्धा नावापुरती राहते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

इशारा: निविदेत न लिहिलेला निकष छाननीच्या वेळी लावता येत नाही आणि लिहिलेला निकष एकासाठी सैल करता येत नाही. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेवरून झालेल्या रमणा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच स्पष्ट केले होते की शासकीय संस्थेने स्वतः जाहीर केलेला निकष तिच्यावर बंधनकारक असतो.

## टप्पा २: "समान काम" या शब्दांची व्याख्या लिहा

सर्वाधिक तंटे याच दोन शब्दांवर होतात. "रस्त्याचे काम" एवढेच लिहिले तर खड्डे भरण्याचे वार्षिक कंत्राट, गावातले पेव्हर ब्लॉक आणि चौपदरीकरण हे सारे एकाच पारड्यात बसते. व्याख्येत कामाचे घटक लिहा. उदाहरणार्थ, मातीकाम, जीएसबी व डब्ल्यूएमएमचे (पायातील खडीचे) थर, डीबीएम व बीसीचा (डांबरी) किंवा काँक्रीटचा पृष्ठभाग, आणि मोऱ्या अथवा लहान पूल हे सर्व घटक एकाच करारात पूर्ण केलेले असावेत. काँक्रीट रस्त्यासाठी निविदा असेल तर पीक्यूसीचे (रस्त्याच्या वरच्या काँक्रीट थराचे) घनमीटरमधील प्रमाण वेगळे मागा. डांबरी रस्त्याच्या कोट्यवधींच्या अनुभवावरून स्लिपफॉर्म पेव्हर (काँक्रीटचा थर अंथरणारे यंत्र) चालवता येतो असे सिद्ध होत नाही. मोठा पूल हा मुख्य घटक असेल तर गाळ्याची (दोन खांबांमधील अंतराची) लांबी आणि पायाचा प्रकार लिहा.

हे शब्द किती जड पडतात याचे उदाहरण नागपूरचेच आहे. नागपूर मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या निविदेत एका निविदाकाराचा आंतरशहरी रेल्वेचा अनुभव हा "मेट्रो" कामाचा अनुभव धरायचा की नाही, यावर वाद झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एक अर्थ लावला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. निविदा ज्याने लिहिली त्यालाच तिचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, आणि त्याचा अर्थ दुष्ट हेतूचा वा विपरीत नसेल तर न्यायालयाने त्यात हात घालू नये, असे त्या निकालात म्हटले आहे. हा निकाल कार्यालयांत ढालीसारखा पुढे केला जातो. मला त्यातून उलटा बोध घ्यावासा वाटतो. व्याख्या आधीच नीट लिहिली असती तर दोन न्यायालयांत जाण्याची वेळ कशाला आली असती?

तपासणी: व्याख्येचा मसुदा शेजारच्या उपविभागातील, या कामाशी संबंध नसलेल्या उपअभियंत्याला वाचायला द्या आणि त्याला तीन जुनी कामे "समान" की "असमान" ते ठरवायला सांगा. त्याचे उत्तर तुमच्या उत्तरापेक्षा वेगळे आले तर मसुदा पुन्हा लिहा.

## टप्पा ३: रक्कम, तारीख आणि भाववाढ पक्की करा

केंद्रीय दक्षता आयोगाच्या टप्पा १ मधील परिपत्रकातले प्रचलित सूत्र असे: निविदा मागवल्याच्या महिन्याच्या आधीच्या महिनाअखेरीस संपणाऱ्या सात वर्षांत, अंदाजित किमतीच्या किमान ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक समान काम पूर्ण केलेले असावे, आणि मागील तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित किमतीच्या किमान ३० टक्के असावी. म्हणजे ४० कोटींच्या कामासाठी १६ कोटींची तीन, २० कोटींची दोन किंवा ३२ कोटींचे एक काम.

जुन्या कामाची किंमत आजच्या पातळीवर कशी आणायची, हे प्रपत्रात शब्दशः असले पाहिजे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीत काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून दरसाल ७ टक्के सरळ दराने वाढ देतात. समजा, १३.१ कोटींचे काम पूर्ण होऊन तीन वर्षे झाली आहेत. सरळ दराने ते १५.८५ कोटी होते आणि १६ कोटींच्या अटीत बसत नाही. कुणी चक्रवाढ लावली तर १६.०५ कोटी होते आणि निविदाकार पात्र ठरतो. प्रपत्र गप्प असेल तर दोन्ही हिशेब बरोबर आणि दोन्ही चूक.

आणखी तीन गोष्टी लिहूनच ठेवा. किंमत वस्तू व सेवा करासह की करविरहित? शासकीय कामांवरील हा दर जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे करासह किमतींची तुलना केली तर जुने आणि नवे काम एका मापाने मोजले जात नाही. खात्याने पुरवलेल्या साहित्याची किंमत धरायची का? आणि संयुक्त उपक्रमातील काम असेल तर प्रत्यक्ष हिश्श्याएवढेच धरायचे ना? ३० कोटींच्या कामात ४० टक्के हिस्सा असलेल्या भागीदाराचा अनुभव १२ कोटींचा असतो, ३० कोटींचा नव्हे. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तुलनात्मक तक्त्यात हिश्श्याचा रकाना नसला तर तो तक्ता मी वाचतच नाही.

## टप्पा ४: दाखल्याचा नमुना निविदेसोबतच द्या

प्रत्येक विभागाचा काम पूर्णत्वाचा दाखला वेगळा असतो आणि त्यातील बरेचसे "काम समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहे" या एका ओळीवर संपतात. म्हणून रकाने तुम्ही ठरवा: करारनाम्याचा क्रमांक, कार्यारंभ आदेशाची तारीख, मूळ मुदत, मंजूर मुदतवाढ आणि तिचे कारण, दंड आकारला असल्यास रक्कम, प्रत्यक्ष पूर्णत्वाची तारीख, अंतिम देयकाची रक्कम, मुख्य बाबींची परिमाणे, दोषदायित्व कालावधी कधी संपतो, आणि त्या काळात दिलेल्या नोटिशी. सही कार्यकारी अभियंता किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याचीच असावी.

निविदापूर्व बैठकीत या नमुन्यावर आणि व्याख्येवर प्रश्न येतील. उत्तरे तोंडी देऊन मोकळे होऊ नका. शुद्धिपत्रक काढून ई-निविदा पोर्टलवर टाका, कारण बैठकीला न आलेल्या निविदाकारालाही तेच उत्तर मिळायला हवे.

## टप्पा ५: कागदांची पहिली छाननी

येथे फक्त कागद आहे की नाही एवढेच पाहायचे. त्रुटी आढळली तर सर्वांना एकाच नमुन्यात, एकाच मुदतीत खुलासा मागवा. निविदा उघडण्याआधीच अस्तित्वात असलेला, पण जोडायचा राहिलेला कागद मागता येतो. निविदेनंतरच्या तारखेचा दाखला घेऊन अनुभवातली उणीव भरून काढू देणे म्हणजे निकष सैल करणे होय.

सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन (प्रत्येक प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असलाच पाहिजे. १ फेब्रुवारी २०१९ पासून तो अनिवार्य आहे आणि संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. तो तपासून पडद्याची छापील प्रत नस्तीत लावा.

## टप्पा ६: मूळ ठिकाणाहून पडताळणी

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. कंत्राटदाराने दिलेला दाखला ही माहिती असते, पुरावा नव्हे. पुरावा दाखला देणाऱ्या कार्यालयाकडून येतो.

पडताळणीचे पत्र त्या कार्यालयाच्या अधिकृत ईमेल पत्त्यावर पाठवा, आणि तो पत्ता खात्याच्या संकेतस्थळावरून घ्या. दाखल्यावर छापलेल्या दूरध्वनी क्रमांकावर फोन करून "होय साहेब, दाखला आमचाच आहे" असे उत्तर मिळवणे ही पडताळणी नाही. बनावट दाखल्यावरचा क्रमांकही बनवणाऱ्यानेच टाकलेला असतो. पत्रात "दाखला खरा आहे का?" एवढेच विचारू नका, कारण त्याला "होय" या एका शब्दाचे उत्तर येते. मोजमाप पुस्तिकेचा (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीचा) क्रमांक, अंतिम देयकाचा दिनांक व रक्कम, आणि दंडाचा तपशील विचारा. मूळ अभिलेख उघडल्याशिवाय या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत.

उत्तराला पंधरा दिवस लागतात, कधी महिना. म्हणून निविदेच्या वेळापत्रकात हा कालावधी आधीच धरा. आर्थिक लिफाफा उघडल्यानंतर पडताळणी करू, असे म्हणणाऱ्या समितीने सर्वांत कमी दर कुणाचा ते एकदा पाहिले की मग खोटा दाखला सापडला तरी तो "तांत्रिक त्रुटी" वाटू लागतो.

खासगी विकासकाकडे किंवा मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली केलेले काम अनुभव म्हणून चालत असेल तर उगमकर कपातीचा पुरावा मागा. आयकर कायदा १९६१ च्या कलम १९४सी खाली कंपनी व भागीदारी संस्थेच्या देयकातून २ टक्के, व्यक्तीच्या देयकातून १ टक्का कपात होते आणि ती फॉर्म २६एएसमध्ये (आयकर खात्याच्या कर कपात विवरणात) दिसते. २० कोटींचे काम केल्याचा दाखला असेल आणि २६एएसमध्ये त्या पक्षाकडून मिळालेली रक्कम ३ कोटींचीच दिसत असेल तर पुढे वाचण्याची गरज नाही. उपकंत्राटदाराच्या बाबतीत मुख्य करार देणाऱ्या खात्याची लेखी परवानगी होती का, हेही पाहा. एकच काम मुख्य कंत्राटदार आणि उपकंत्राटदार दोघेही आपापल्या अनुभवात दाखवतात, हा काही दुर्मीळ प्रकार नव्हे.

तपासणी: प्रत्येक पात्र निविदाकाराच्या प्रत्येक कामासमोर "पडताळणी पत्राचा जावक क्रमांक" आणि "उत्तराचा आवक क्रमांक" असे दोन रकाने भरलेले असावेत. एकही रिकामा असेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा ७: निविदा क्षमता काढा

मागची कामगिरी चांगली असली तरी आज हात रिकामे आहेत का, हा वेगळा प्रश्न आहे. प्रचलित सूत्र अ × न × २ − ब असे आहे. अ म्हणजे मागील पाच वर्षांपैकी एका वर्षात केलेल्या बांधकामाची कमाल, अद्ययावत किंमत; न म्हणजे प्रस्तुत कामाची मुदत वर्षांत; आणि ब म्हणजे त्याच मुदतीत पूर्ण करायच्या चालू व स्वीकारलेल्या कामांची शिल्लक किंमत. राष्ट्रीय महामार्गांच्या ईपीसी (आराखडा, खरेदी व बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे असलेल्या) निविदांत गुणक २.५ असतो आणि वेळेआधी काम संपवल्याबद्दल मिळालेला बोनसही त्यात मिळवला जातो.

समजा अ ३० कोटी, मुदत दीड वर्ष आणि ब ६२ कोटी. ३० × १.५ × २ म्हणजे ९०, त्यातून ६२ वजा जाता २८ उरतात. ४० कोटींच्या कामासाठी हा निविदाकार अपात्र आहे, मग त्याचे जुने रस्ते कितीही गुळगुळीत असोत.

चूक नेहमी "ब"मध्ये होते. स्वीकृतिपत्र मिळाले पण कार्यारंभ आदेश नाही, अशी कामे यादीतून गळतात. शेजारच्या विभागांना, जिल्हा परिषदेला आणि महापालिकेला विचारा. पोर्टलवर त्याच कंत्राटदाराला मागील वर्षभरात दिलेली कामे शोधा. दुसरी चूक म्हणजे "न"मध्ये दोषदायित्वाचा काळ मिळवणे. दीड वर्षाच्या कामाला पाच वर्षांचा दोषदायित्व काळ जोडला की कुणाचीही क्षमता आकाशाला भिडते.

## टप्पा ८: प्रतिकूल कामगिरीचे वजन

उशीर झाला म्हणजे कंत्राटदार वाईट, हे समीकरण महाराष्ट्रात तरी सरसकट लावता येणार नाही. मुंबई–गोवा महामार्गावर भूसंपादन आणि कर्नाळा अभयारण्याच्या हद्दीतील परवानग्या या गोष्टी कंत्राटदाराच्या हातातल्या नव्हत्या. त्याच मार्गावर कंत्राटदारांच्या कसुरीचेही प्रकार घडले. दोन्ही एका तराजूत तोलले तर प्रामाणिक माणूस बाहेर जातो आणि वकील चांगला असलेला आत राहतो.

म्हणून मुदतवाढीचा आदेश वाचा. बी-१ करारनाम्यात (राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ठरावीक करार नमुन्यात) दंडविरहित मुदतवाढ मिळाली असेल तर खात्याने उशिराचे कारण स्वतःकडे घेतले आहे, असे समजा. कलम २ खाली दंड आकारून तो वसूल केला असेल तर कसूर कंत्राटदाराची आहे. कलम ३ खाली करार रद्द केला असेल तर आदेशाची तारीख, कारण, आणि त्यावर लवाद वा न्यायालयाचा स्थगिती आदेश आहे का, हे तिन्ही पाहा. केवळ लवादात गेला म्हणून कुणाला अपात्र ठरवू नका. हक्काचे पैसे मागणे ही वाईट कामगिरी नव्हे.

गुणवत्तेसाठी त्या रस्त्याचा पहिला पावसाळा विचारा. डांबरी पृष्ठभागावर ऑगस्टमध्ये पडलेले खड्डे कुणी बुजवले, किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने, याची नोंद दोषदायित्वाच्या पत्रव्यवहारात असते. रस्ता जवळ असेल तर समितीतील एका सदस्याने जाऊन यावे, मात्र गेल्याचा दिनांक आणि साखळी क्रमांकासह (रस्त्यावरील अंतराच्या खुणेसह) छायाचित्रे नस्तीत असावीत. गाडीच्या काचेतून पाहिलेल्या रस्त्यावर मत नोंदवू नये.

काळी यादी ही निराळी बाब आहे. सामान्य वित्तीय नियम २०१७ च्या नियम १५१ नुसार केंद्रीय खरेदीत संस्था स्वतः दोन वर्षांपर्यंत आणि शिक्षा झालेल्या प्रकरणांत तीन वर्षांपर्यंत निविदाकाराला वर्जित करता येते. आदेशाची मुदत संपली असेल तर तो आदेश पुन्हा वापरता येत नाही. आणि ज्याला नोटीस देऊन ऐकून घेतलेले नाही त्याला "व्यवहारात" काळ्या यादीत टाकणे न्यायालयात टिकत नाही. कुल्जा इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कारवाई कसुरीच्या प्रमाणात असावी, कायमची नसावी, असेही सांगितले आहे.

इशारा: नव्या पण पात्रतेच्या रकमेत बसणाऱ्या कंत्राटदाराविरुद्ध नोंदी नसतात. नोंद नसणे म्हणजे शून्य गुण नव्हे. गुणपद्धत (होय-नाही अटींऐवजी गुण देऊन निवड) वापरत असाल तर या प्रसंगासाठी काय करायचे ते निविदेतच लिहा. गुणपद्धतीविषयी माझे मत असे की ती विभागीय पातळीवरच्या कामांसाठी वापरूच नये. केंद्राच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनुसारही गुणवत्तेला वजन द्यायचे झाले तर ते ३० टक्क्यांहून अधिक देता येत नाही. आपल्या कामांसाठी होय-नाही अशा सहा-सात अटी पुरतात आणि त्यांचा बचावही करता येतो.

## टप्पा ९: इतिवृत्त आणि निकाल

प्रत्येक निविदाकारासाठी प्रत्येक अटीसमोर पान क्रमांकासह एक ओळ लिहा. "अपात्र" हा शब्द एकटा लिहू नका. "अट ४.३: दाखवलेले काम १५.८५ कोटी, आवश्यक १६ कोटी, पान ११२" एवढे लिहिले की आक्षेप आला तरी उत्तर तयार असते. निकाल कारणांसह पोर्टलवर प्रसिद्ध करा, आक्षेपासाठी ठरवलेली मुदत पूर्ण जाऊ द्या, आणि त्यानंतरच आर्थिक लिफाफ्याची तारीख लावा. दोन्ही एकाच दिवशी उरकण्याची घाई हे उच्च न्यायालयात जाण्याचे सर्वांत स्वस्त तिकीट आहे.

## टप्पा १०: आपल्या कामाची नोंद आपण ठेवा

पुढच्या विभागाने पडताळणीसाठी पत्र पाठवले की त्याला देण्यासारखे आपल्याकडे काय आहे, हे एकदा पाहा. टप्पा ४ मधील नमुना आपल्या प्रत्येक चालू कामाला लावा आणि तो तीन वेळा भरा: निम्मे काम झाल्यावर, काम पूर्ण झाल्यावर आणि दोषदायित्व कालावधी संपल्यावर. प्रत्येक वेळी प्रत कंत्राटदाराला द्या व त्याचे म्हणणे पंधरा दिवसांत लेखी घ्या. त्यामुळे ती नोंद पुढे कुठेही वापरता येते. पहिली नोंद शाखा अभियंत्याची बदली होण्याआधी सही होऊन नस्तीत गेली पाहिजे, कारण नवा माणूस न पाहिलेल्या थरांबद्दल "समाधानकारक" याखेरीज काही लिहू शकत नाही.